खेळ येण्याआधीच बोलायला हवे

२०२५ च्या नोव्हेंबरात पाच दिवसांच्या अंतराने देशात दोन गोष्टी घडल्या. २१ तारखेला चार कामगार संहिता लागू झाल्या. २६ तारखेला, म्हणजे संविधान दिनी, ग्लासगो येथील सभेत २०३० च्या राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धांचे यजमानपद अहमदाबादला मिळाले. पहिल्या घटनेची चर्चा कामगार संघटना आणि उद्योजक यांच्यापुरतीच राहिली. दुसरीचा आनंद देशभर साजरा झाला. या दोन घटनांचे एकमेकींशी काही नाते आहे, असे मात्र फारसे कोणाच्या मनात आले नाही. वास्तविक २०३० ची मैदाने, रस्ते, पूल आणि क्रीडाग्राम ज्यांच्या हातांनी उभे राहणार आहेत, ते हात याच संहितांच्या छत्राखाली काम करणार आहेत. २०३६ च्या ऑलिंपिकसाठीही भारताने ऑक्टोबर २०२४ मध्ये आपला इरादा आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीला लेखी कळवला आहे. पुढचे दशक आपल्याकडे क्रीडास्पर्धांच्या नावाने होणाऱ्या बांधकामाचे दशक असेल, असे मानायला हरकत नाही.

अशा वेळी मजूर आणि वस्तीवासी यांच्या बाजूने बोलणार कोण, हा प्रश्न उरतोच. कामगार संघटना दुबळ्या झाल्या आहेत. राजकीय पक्षांना स्पर्धेच्या विरोधात दिसायचे नाही. न्यायालये बोलतात, पण बहुधा इमारत उभी राहिल्यानंतर. या पार्श्वभूमीवर मला एका अशा संस्थेविषयी लिहायचे आहे, जिचे नाव या संदर्भात आपल्याकडे सहसा घेतले जात नाही. ती संस्था म्हणजे चर्च. जगात अन्यत्र मोठ्या क्रीडास्पर्धांच्या वेळी चर्चने काय केले, त्यातले काय साधले, काय फसले आणि त्यातून भारतातील चर्चने काय घ्यावे, असा हा विषय आहे.

चर्च आणि भारतीय खेळ यांचे नाते जुने आहे. १९२० साली मद्रासमध्ये हॅरी क्रो बक यांनी वायएमसीएचे शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय सुरू केले. १९२४ साली पॅरिसला गेलेल्या भारतीय ऑलिंपिक चमूचे ते व्यवस्थापक होते. १९२७ मध्ये भारतीय ऑलिंपिक संघटना स्थापन झाली तेव्हा अध्यक्षपदी सर दोराबजी टाटा होते आणि सचिवपदी वायएमसीएचेच डॉ. नोरेन. १९२८ साली ॲमस्टरडॅमला सुवर्णपदक जिंकणाऱ्या हॉकी संघाचे कर्णधार जयपालसिंग मुंडा हे खुंटीजवळच्या एका खेड्यातले. रांचीच्या मिशन शाळेतून ते ऑक्सफर्डपर्यंत पोहोचले आणि पुढे संविधान सभेत आदिवासींचा सर्वांत ठाम आवाज ठरले. खेळ, चर्च आणि सामाजिक न्याय ही तीन सूत्रे एकाच आयुष्यात गुंफली जाऊ शकतात, याचे याहून बोलके उदाहरण आपल्याला बाहेर शोधावे लागणार नाही. तरीही मैदान गाजवणारा आणि मैदान बांधणारा यांच्यातला दुसरा माणूस चर्चच्या क्रीडाप्रेमाच्या कक्षेत क्वचितच आला.

तो माणूस कक्षेत आणण्याचा सर्वांत पद्धतशीर प्रयत्न लंडनमध्ये झाला. शहराचा पूर्व भाग हा गरिबांचा आणि स्थलांतरितांचा. तेथे १९९६ साली एक नागरी आघाडी उभी राहिली. तिच्यात कॅथलिक आणि अँग्लिकन पॅरिश होत्या, मेथडिस्ट मंडळ्या होत्या, साल्व्हेशन आर्मी म्हणजे आपल्याकडची मुक्तिफौज होती. त्यांच्या जोडीला मशिदी, शाळा आणि कामगार संघटनाही होत्या. पुढे ही आघाडी ‘लंडन सिटिझन्स’ या नावाने ओळखली जाऊ लागली. २००१ मध्ये तिने निर्वाह वेतनाची मोहीम हाती घेतली. मोहिमेचे मूळ साधे होते. कायद्याने ठरवलेल्या किमान वेतनावर घर चालत नाही, म्हणून आईवडील दोन-दोन नोकऱ्या करतात आणि मुलांना त्यांचा सहवास मिळत नाही, ही तक्रार प्रार्थनेला येणाऱ्या कुटुंबांकडूनच वारंवार येत होती. रात्री कार्यालयांच्या फरशा पुसणारा माणूस आठवड्याच्या प्रार्थनेला, मग ती चर्चमधली असो वा मशिदीतली, याच मंडळींच्या शेजारी बसत होता.

ऑलिंपिकचा विषय निघाला तेव्हा या आघाडीने एक शहाणपणाची गोष्ट केली. यजमानपदाचा निर्णय २००५ मध्ये व्हायचा होता. त्याच्या आदल्या वर्षीच, २००४ मध्ये, तिने तत्कालीन महापौर केन लिव्हिंगस्टन आणि दाव्याचे प्रमुख सेबॅस्टियन को यांच्याकडून लेखी आश्वासने मिळवली. स्पर्धेच्या कामांत निर्वाह वेतन, स्थानिकांना रोजगार आणि प्रशिक्षण, सामुदायिक भूमी न्यासाच्या मार्गाने परवडणारी घरे, अशी ती आश्वासने होती. शहराला लोकांचा पाठिंबा हवा होता त्या क्षणी हा सौदा झाला. स्पर्धा मिळाल्यानंतर मागण्या घेऊन कोणी दारात उभे राहिले असते तर त्याला चहा मिळाला असता, सही मिळाली नसती.

परिणाम काय झाला? २०१२ चे ऑलिंपिक हे निर्वाह वेतनाचे पहिले ऑलिंपिक म्हणून ओळखले गेले. त्या वर्षी स्पर्धेपूर्वी ब्रिटनमधील कायदेशीर किमान वेतन तासाला ६.०८ पौंड होते, तर लंडनचे निर्वाह वेतन ८.३० पौंड. सव्वादोन पौंडांचा हा फरक सफाई करणाऱ्या, जेवण वाढणाऱ्या, पहारा देणाऱ्या माणसाच्या महिन्याच्या हिशेबात किती मोठा असतो, हे निराळे सांगायला नको. ऑलिंपिक पार्कच्या बांधकामात अपघाताने एकही मृत्यू झाला नाही. हे श्रेय अर्थातच चर्चचे नाही. काटेकोर सुरक्षा नियम आणि संघटित कामगार यांचे ते आहे. परंतु मजुराच्या जिवाला आणि कष्टाला किंमत आहे असे सार्वजनिक वातावरण आधीच तयार होणे, याचाही त्यात वाटा असावा असे मला वाटते.

या कथेची दुसरी बाजू सांगितली नाही तर ती प्रचारकथा होईल. पार्कसाठी क्लेज लेन नावाची सहकारी गृहवस्ती २००७ मध्ये रिकामी करण्यात आली आणि चारशेहून अधिक रहिवाशांना हलावे लागले. हॅकनी भागात किंग्जवे इंटरनॅशनल ख्रिश्चन सेंटर हे आफ्रिकी वंशाच्या भाविकांचे प्रचंड मोठे चर्च होते. त्याचीही जागा ऑलिंपिकसाठी गेली. म्हणजे विस्थापन कसे असते हे तेथील एका चर्चने स्वतःच अनुभवले. क्रीडाग्रामातील घरांपैकी सुमारे निम्मी घरे परवडणारी म्हणून राखली गेली, पण भूमी न्यासाचे वचन लांबत गेले. त्यातून उभी राहिलेली पहिली २३ घरे पार्कमध्ये नव्हती. ती माइल एंड येथील जुन्या रुग्णालयाच्या आवारात झाली आणि तेथे माणसे राहायला येईपर्यंत २०१७ उजाडले. स्पर्धा संपून तोवर पाच वर्षे झाली होती. यातून निघणारा धडा सरळ आहे. आधी मागणे आवश्यक आहे, लेखी घेणेही आवश्यक आहे. परंतु वचन मोडल्यास काय, हे करारात नसेल तर कागदाला धार राहत नाही.

चर्चने दुसरा मार्ग ब्राझीलमध्ये चोखाळला. तेथे चर्च अल्पसंख्य नाही, तरीही गरिबांच्या बाजूने उभे राहणे सोपे नव्हते. २०१४ च्या फुटबॉल विश्वचषकापूर्वी ब्राझीलच्या कॅथलिक बिशप परिषदेने यजमान शहरांत पत्रके वाटली आणि फुटबॉलच्याच भाषेत काही गोष्टींना ‘लाल कार्ड’ दाखवले. लोकांना निर्णयप्रक्रियेतून वगळणे आणि कुटुंबांना घराबाहेर काढणे या त्यांतल्या प्रमुख गोष्टी. स्पर्धेला विरोध नव्हता. फुटबॉलवेड्या देशात तो कोणी ऐकलाही नसता. खेळ आपला आहे, म्हणूनच तो कोणाच्या उरावर होता कामा नये, अशी ती भूमिका होती. रिओमध्ये २०१६ च्या ऑलिंपिकसाठी विला ऑटोड्रोमो ही वस्ती पाडली गेली. तेथील शेकडो कुटुंबांपैकी अखेर २० कुटुंबे त्याच जागी नव्या घरांत राहू शकली आणि पाडापाडीतून वस्तीतले कॅथलिक चर्च तेवढे उभे राहिले. बैठका घ्यायला, कागदपत्रे ठेवायला, बाहेरून येणाऱ्या वकिलाला बसवायला एक छप्पर असणे किती मोलाचे असते, हे झोपडपट्टीतील कोणत्याही लढ्याचा अनुभव असलेल्याला ठाऊक आहे. रिओच्या धर्मप्रांतात वस्त्यांसाठी काम करणारी शाखा सत्तरच्या दशकापासून आहे. स्पर्धा येण्याच्या किती तरी आधीपासून ती तेथे होती आणि स्पर्धा संपल्यावरही राहिली. तिच्या शब्दाला वजन आले ते त्यामुळे.

चर्चच्या उत्साहाने वाट चुकल्याचीही उदाहरणे आहेत. २००६ मध्ये जर्मनीत फुटबॉल विश्वचषक होता. त्या वेळी देहविक्रयासाठी चाळीस हजार स्त्रिया आणल्या जातील, असा आकडा पसरला आणि अनेक धार्मिक संघटनांनी तो उचलून धरला. प्रत्यक्षात स्पर्धेशी जोडता येतील अशी मानवी तस्करीची प्रकरणे बोटांवर मोजण्याइतकीच निघाली. तरी पुढच्या स्पर्धांच्या वेळी तोच आकडा पुन्हा फिरू लागला. मानवी तस्करी हे वास्तव आहे आणि तिच्याविरुद्ध अनेक धर्मभगिनी जिवावर उदार होऊन काम करतात, याविषयी मला आदरच आहे. पण खात्री न केलेल्या आकड्यांचा परिणाम बहुधा पोलिसी छाप्यांत होतो आणि छाप्यांची झळ पोहोचते ती त्याच गरीब स्त्रियांना. शिवाय दुसरा तोटा असा की, नैतिक संतापाला सोपे विषय मिळाले की मजुरी, ओव्हरटाइम, मजुरांच्या निवाऱ्यातील शौचालये असे रुक्ष विषय मागे पडतात. अन्याय मात्र बहुतेक वेळा याच रुक्ष तपशिलात दडलेला असतो.

आता आपल्या देशाकडे वळू. १९८२ च्या आशियाई स्पर्धांसाठी दिल्लीत बांधकामे सुरू असताना मजुरांना ठरलेले किमान वेतन दिवसाला ९ रुपये २५ पैसे होते. त्यातला एक रुपया जमादार कापून घेत. स्त्रियांच्या हाती तर सातच रुपये पडत. पीपल्स युनियन फॉर डेमोक्रॅटिक राइट्स या संघटनेने हे सर्वोच्च न्यायालयासमोर मांडले आणि न्या. पी. एन. भगवती यांनी ऐतिहासिक निकाल दिला. किमान वेतनापेक्षा कमी मोबदल्यात काम करायला भाग पाडणे म्हणजे संविधानाच्या अनुच्छेद २३ ने निषिद्ध ठरवलेली वेठबिगारीच होय, असे न्यायालयाने म्हटले. सप्टेंबरात निकाल आला, नोव्हेंबरात स्पर्धा झाल्या. तत्त्व अमर झाले; पण ज्यांचा रुपया कापला गेला होता ते मजूर तोवर बहुतांशी पुढच्या कामावर निघून गेलेले असणार.

अठ्ठावीस वर्षांनी राष्ट्रकुल स्पर्धांच्या वेळी तेच पुन्हा झाले. त्याच संघटनेला पुन्हा न्यायालयात जावे लागले. दिल्ली उच्च न्यायालयाने अरुंधती घोष यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि मजुरी, निवारा, स्वच्छता, नोंदणी अशा बहुतेक बाबतींत कायद्याची पायमल्ली होत असल्याचे तिला दिसून आले. शहर देखणे करण्यासाठी वस्त्या हटल्या. १९५९ च्या मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायद्याचा आधार घेऊन फिरती न्यायालये रस्त्यावर उतरली. हा आपल्या मुंबई राज्याचा कायदा दिल्लीलाही लागू होता. त्यातील शिक्षेच्या तरतुदी दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये घटनाबाह्य ठरवल्या, पण तोवर आठ वर्षे उलटली होती. अनुसूचित जातींच्या विकासासाठी राखून ठेवलेला सुमारे ६७८ कोटींचा निधी स्पर्धेच्या कामांकडे वळवला गेला होता आणि तो वळवायला नको होता, हे तत्कालीन गृहमंत्र्यांना राज्यसभेत मान्य करावे लागले. क्रीडाग्रामातील सदनिका खेळाडू गेल्यानंतर श्रीमंतांच्या झाल्या.

हा सारा लढा नागरी हक्क संघटना, कामगार कार्यकर्ते आणि दलित हक्कांचे गट यांनी लढवला. त्यांत व्यक्ती म्हणून काही ख्रिस्ती कार्यकर्ते, पाद्री, धर्मभगिनी असतील. परंतु संस्था म्हणून चर्चचा आवाज त्या गदारोळात ठळकपणे ऐकू आला असे म्हणता येत नाही. हे खटकते, कारण भारतीय ख्रिस्ती समाजाचा मोठा हिस्सा दलित आणि आदिवासींचाच आहे. वळवलेला निधी आणि कापलेली मजुरी हे प्रश्न या चर्चच्या बाकांवर बसणाऱ्यांच्या परिचयाचेच होते.

चर्च गप्प का राहते, याची कारणे समजून घ्यायला हवीत. केवळ दोष देऊन भागणार नाही. २०११ च्या जनगणनेनुसार ख्रिस्ती लोकसंख्या देशात २.३ टक्के आहे आणि गुजरातमध्ये जेमतेम अर्धा टक्का. धर्मांतरविरोधी कायदे आहेत, संशयाचे वातावरण आहे, प्रार्थनास्थळांवर हल्ले होतात. परकीय देणग्यांचा कायदा २०१० मध्ये नव्याने आला आणि २०२० च्या दुरुस्तीने अधिक कडक झाला. एका संस्थेने आलेला निधी दुसऱ्या संस्थेला देण्यास आता मनाई आहे. नोंदणी रद्द होण्याच्या भीतीने पुष्कळ संस्था मजुरी हा शब्ददेखील जपून उच्चारतात. ही भीती काल्पनिक नाही. परंतु कायद्यात जेवढी जागा आहे तेवढी तरी वापरायला हवी. मार्च २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे की, सक्रिय राजकारणाशी संबंध नसलेली संघटना लोकांच्या प्रश्नासाठी सनदशीर आंदोलनाला पाठिंबा देते एवढ्यावरून तिला राजकीय ठरवता येणार नाही. आणि मजुराच्या हाती ठरलेला पगार पडावा असे म्हणायला परकीय पैसा लागत नाही.

मग भारतातील चर्चकडे असे काय आहे, जे इतरांकडे नाही? माझे उत्तर असे की, स्थलांतराच्या दोन्ही टोकांना त्याचे अस्तित्व आहे. अहमदाबादेतील बांधकामांवर दाहोद, पंचमहाल, झाबुआ, बांसवाडा या भिल्ल पट्ट्यातून माणसे येतात. त्या पट्ट्यात मिशनच्या शाळा आणि दवाखाने अनेक दशकांपासून आहेत. शहरातही चर्च आहे आणि वस्त्यांत काम करणारी जेझुइटांची संस्था आहे. हॉकीचे खेळाडू देणाऱ्या सिमडेगा आणि सुंदरगड या जिल्ह्यांविषयीही हेच सांगता येईल. तेथल्याच मुली दिल्लीत घरकामासाठी जातात आणि कैकदा दलालांच्या हाती पडतात. गावातील शाळेला ज्याचे नाव माहीत आहे असा मजूर शहरात हजेरीपटावरचा निव्वळ आकडा होतो. ही दोन टोके जोडणारी संस्था मुकादमाच्या वहीला उत्तर देऊ शकते. हे अशक्य नाही हे आपल्याकडे दिसून आले आहे. सिस्टर जीन डेव्हॉस या बेल्जियन धर्मभगिनीने १९८५ मध्ये मुंबईत घरकामगारांची चळवळ सुरू केली आणि ती पुढे अनेक राज्यांत पसरली. तिच्यात येणारी बाई कोणत्या धर्माची, हा प्रश्न महत्त्वाचा नव्हता.

हा शेवटचा मुद्दा अधिक स्पष्ट करायला हवा. लंडन आणि व्हँकुव्हर येथील ऑलिंपिकच्या वेळी ‘मोअर दॅन गोल्ड’ या नावाखाली अनेक चर्च एकत्र आली होती. पाहुण्यांचे आदरातिथ्य, खेळाडूंच्या कुटुंबांसाठी घरे, न्यायाच्या प्रश्नांवर काही उपक्रम आणि त्यासोबत सुवार्तेचा प्रसारही, असे तिचे स्वरूप होते. त्या समाजांत ते खपून गेले. अहमदाबादेत चर्चने पाण्याची बाटली वाटली तरी बाटलीवरची चिठ्ठी तपासली जाईल. तेव्हा ज्यांना मजुरांसाठी काही करायचे आहे त्यांनी प्रचार आणि न्याय या दोन गोष्टी कटाक्षाने वेगळ्या ठेवाव्यात. श्रद्धा लपवावी असे मी म्हणत नाही. पण मजुराच्या गरजेचा उपयोग दुसऱ्या कशासाठी केला जात आहे, अशी शंका आली तर मजुराचेच नुकसान होते. लंडनच्या आघाडीला बळ आले ते मशिदी, शाळा आणि कामगार संघटना सोबत असल्यामुळे. इथे मंदिरांची सेवाभावी मंडळे, गुरुद्वारे, दर्गे, बौद्ध संघटना आणि स्त्री-कामगारांच्या संस्था यांच्यासोबत उभे राहिल्याखेरीज अर्धा टक्का लोकसंख्येच्या संस्थेचे कोणी ऐकणार नाही. नागपुरात मुख्यालय असलेली नॅशनल कौन्सिल ऑफ चर्चेस आणि कॅथलिक बिशप परिषद यांनी एकत्र येऊन अशी हाक दिली, तर ती केवळ एका समाजाची मागणी राहणार नाही.

अहमदाबादला ही भाषा परकी नाही. १९१८ मध्ये याच शहरात गिरणी कामगारांनी ३५ टक्के वाढीसाठी संप केला. अनसूया साराभाई कामगारांच्या बाजूने आणि त्यांचे बंधू अंबालाल मालकांच्या बाजूने होते. गांधीजींनी उपोषण केले आणि वाद अखेर पंचाकडे सोपवला गेला. आनंदशंकर ध्रुव यांनी ३५ टक्क्यांच्या बाजूने निवाडा दिला. मजूर महाजन आणि त्यातूनच पुढे इला भट्ट यांची ‘सेवा’ ही संघटना या मातीत रुजली. धर्मभावना, वाटाघाट आणि मजुरी या तिन्ही गोष्टींनी एकत्र नांदण्याची या शहराची परंपरा आहे. दुसरी परंपराही आहे. साबरमतीच्या काठावरील हजारो कुटुंबे नदीकाठ प्रकल्पात हलवली गेली आणि पुनर्वसनासाठी त्यांना उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली. फेब्रुवारी २०२० मध्ये अमेरिकी राष्ट्राध्यक्ष येणार म्हणून त्यांच्या वाटेवरील झोपड्यांसमोर भिंत उभी राहिली. २०३० मध्ये यांतली कोणती परंपरा पुढे चालणार, याचा निर्णय उद्घाटन सोहळ्यात होणार नाही. निविदांच्या अटींत होणार आहे आणि ते काम पुढील दोन-तीन वर्षांचे आहे.

म्हणून मागण्या थोड्या आणि मोजता येतील अशा असाव्यात. पहिली मागणी मजुरीची. स्पर्धेच्या प्रत्येक कंत्राटात किमान वेतनाऐवजी निर्वाह वेतनाची अट असावी. आपल्या संविधानाचा अनुच्छेद ४३ हाच शब्द वापरतो. मजुरी थेट कामगाराच्या खात्यात जावी आणि प्रत्येक मजुराची बांधकाम कल्याण मंडळाकडे नोंदणी झाल्याशिवाय कंत्राटदाराचे देयक मंजूर होऊ नये. नव्या संहितांनी नियुक्तिपत्र आवश्यक केले आहे आणि किमान वेतनाची कक्षा रुंदावली आहे, ही चांगली गोष्ट. परंतु कंत्राटी कामगारांसाठीची मर्यादा २० वरून ५० वर गेल्याने छोट्या उपकंत्राटदारांचे मजूर बाहेर पडतात. कंत्राटाच्या अटींनी ही फट बुजवता येईल.

दुसरी मागणी घरांची. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये पाडकामापूर्वी किमान १५ दिवसांची नोटीस सक्तीची केली; पण रस्ते, पदपथ, रेल्वेमार्ग आणि नदीकाठ यांवरील बांधकामांना हे संरक्षण नाही. गरिबांच्या वस्त्या बहुधा नेमक्या तेथेच असतात. तेव्हा आधी सर्वेक्षण, मग पर्यायी घर आणि त्यानंतरच हातोडा, असा क्रम यजमान शहराने स्वतःहून बांधून घ्यावा. क्रीडाग्रामातील ठरावीक घरे स्पर्धेनंतर अल्प उत्पन्न गटाला मिळतील, हेही आताच लिहून द्यावे. तिसरी मागणी हिशेबाची. राखीव सामाजिक निधीला हात लागणार नाही याची हमी हवी आणि दर सहा महिन्यांनी कामगार व वस्तीवासी यांच्यासमोर जाहीर जनसुनावणी व्हावी. लंडनचा भूमी न्यास लांबला त्यावरून धडा घेऊन, अट मोडल्यास दंड किती आणि तो कोण वसूल करणार, हेही करारातच असावे.

हे मागण्याचा अधिकार चर्चला हवा असेल तर सुरुवात स्वतःच्या अंगणातून करावी लागेल. चर्चच्या शाळांतील कंत्राटी शिक्षक, रुग्णालयांतील सफाई कामगार, आवारातील रात्रीचे पहारेकरी यांना निर्वाह वेतन मिळते का? त्यांचा भविष्य निर्वाह निधी वेळेवर भरला जातो का? इंग्लंडच्या चर्चची महासभाही या प्रश्नाकडे ऑलिंपिक संपल्यानंतर, नोव्हेंबर २०१२ मध्ये वळली आणि आपल्या संस्थांनी निर्वाह वेतन द्यावे असा ठराव तिने केला. आपल्याकडे हा ठराव स्पर्धेच्या आधी होऊ शकतो. तसा तो झाला तर अहमदाबादच्या महापालिकेसमोर बसताना समोरच्याला पहिला प्रश्न विचारायला जागा राहणार नाही.

खेळ हा गरिबांचा शत्रू नाही. भिल्ल, मुंडा आणि ओराव मुलांना मैदानाने जेवढी प्रतिष्ठा दिली, तेवढी फार थोड्या सरकारी योजनांनी दिली असेल. त्या प्रतिष्ठेचा थोडा भाग मैदान बांधणाऱ्या त्यांच्याच भाऊबंदांना मिळावा, एवढीच अपेक्षा आहे. १९८२ मध्ये तत्त्व मिळाले, २०१० मध्ये अहवाल मिळाला. दोन्ही वेळा मजुराच्या हाती मजुरी उशिरा पडली किंवा पडलीच नाही. २०३० साठी निविदा अजून निघायच्या आहेत आणि दाहोदच्या मोटारस्थानकावरून निघणारा मजूरही अजून गावातच आहे. त्याच्या गावच्या आणि शहरातल्या चर्चने, आपल्या शेजाऱ्यांना सोबत घेऊन, बोलायचे असेल तर ते आताच बोलावे.